पाचव्या इंजिनाचं टपाल

पोळ्याच्या आदल्या दिवशी बा बैलांची शिंगं साळायचा, त्यांना तेल चोळायचा आणि मग धाड गावच्या बाजारातून आणलेली चांदी रंगाची डबी उघडायचा. रॉकेल, वार्निश आणि उन्हात उभ्या असलेल्या बैलांच्या अंगाचा वास एकत्र झाला की मला अजून आमचं अंगण दिसतं. दोन बैलांची चार शिंगं रंगवून झाली की डबीच्या तळाला बोटभर रंग उरायचा. बा ती डबी पायानंच माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "घे. आता तुहे बैल रंगव." माझे बैल म्हणजे विमानं. मागच्या खोलीत ज्वारीच्या कणग्यांच्या मधे फळी टाकून मी ती मांडलेली असायची. तीन झाली होती, चौथं अर्धं होतं. माय खोलीत शिरली की आधी पदर सावरायची, कारण एकदा तिच्या पदराला अडकून एका विमानाचा पंख मोडला होता आणि मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

ती विमानं जरा वेगळ्या जातीची होती. आमच्या हायस्कुलातल्या खेडकर मास्तरांनी नागपूरच्या रद्दीतून एक इंग्रजी मासिक आणलं होतं. त्याचं मुखपृष्ठ फाटलेलं, पानं पिवळी. त्यात एका जुन्या बॉम्बफेकी विमानाचा फोटो होता. दोन्ही पंखांवर दोन-दोन अशी चार इंजिनं, इथवर ठीक. पण त्याच्या नाकातही एक इंजिन बसवलेलं होतं, बाकीच्या चारांहून जाड, लांब, दुसऱ्याच कुणाचं नाक आणून चिकटवल्यासारखं. मला वाटलं छपाईची चूक आहे. मास्तर म्हणाले, चूक नाही. नवं इंजिन कागदावर जमलं, जमिनीवर फिरलं, तरी आकाशात ते कसं वागेल ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून ते जुन्या भरवशाच्या विमानावर बसवतात आणि वर नेऊन पाहतात. बिघडलं तर बंद करायचं. जुनी चार आहेतच खाली आणायला.

मी घरी येऊन बाला तो फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. बाला अक्षरओळख सहीपुरती. त्यानं मासिक हात लांब करून धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजे गोऱ्हा शिकवनं हाय हे. नवा गोऱ्हा कोनी एकटा जुपत नाई. जुन्या बैलासंगं जुपा लागते. मंग तो उधळला तरी जुना त्याले घरी आनते." पुढे तीस वर्षं मी इंजिनांचं काम शिकणाऱ्या मुलांना शिकवत आलो. चाचणीचं विमान म्हणजे काय, हे याहून सोपं मला कधी सांगता आलं नाही.

त्या पाचव्या इंजिनानं मला पछाडलं. गावात तेव्हा पाटलाच्या विहिरीवर पहिलं तेलाचं इंजिन आलं होतं. त्याची फटफट सकाळी सुरू झाली की मी भाकरीचा घास हातात घेऊन ओट्यावर यायचो आणि त्याचा ठोका चुकतो का ते ऐकत उभा राहायचो. ज्वारीच्या धांड्यांच्या बैलबंड्या तर गावातलं प्रत्येक पोर करायचं. मीही केल्या होत्या. पण विमानाला धांडा चालेना, गोलाई धरेना. मग पांगाऱ्याचं लाकूड सापडलं. हलकं, मऊ, विळ्यानं कापलं तरी कापलं जाणारं. धड पांगाऱ्याचं, इंजिनांची टोपणं बांबूच्या पेरांची, पंखे वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे. चालकाच्या खिडकीला नव्या सदऱ्याच्या कॉलरमधून निघते ती पारदर्शक पट्टी. सुताराकडून मागून आणलेला सरस चुलीवर वितळवला की घरभर असा वास सुटायचा की माय नाकाला पदर लावून म्हणायची, "आज कायचं मढं आनलं बे?" फुटक्या काचेनं लाकूड खरवडून खरवडून गुळगुळीत करायचं आणि शेवटी शिंगांवरून उरलेली चांदी. पाचवं इंजिन मात्र मी हिंगुळानं लाल रंगवायचो, म्हणजे ते परकं आहे हे लांबूनही कळावं.

मासिकाच्या शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं होती. त्यात इंग्लंडातले एक हॉल नावाचे गृहस्थ होते. उभा जन्म त्यांनी अशाच चाचणीच्या विमानांवर फिटर म्हणून काढला होता, आता निवृत्त झाले होते आणि कुणाला त्या विमानांची गोडी असेल तर त्यानं लिहावं असं त्यांनी म्हटलं होतं. मासिक काही वर्षं जुनं होतं. मास्तरांनी तरी मला पत्र लिहायला लावलं, चार वेळा खोडून. सव्वा महिन्यानं उत्तर आलं. आत कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कागदावर विमानाची आकृती होती, वरून, बाजूनं आणि समोरून. खाली लिहिलं होतं, एक इंच म्हणजे सहा फूट. त्या हिशेबानं माझ्या विमानाचा पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस इंच भरला. हॉलसाहेबांनी लिहिलं होतं की वर गेल्यावर कधी कधी पंखांवरची चारही इंजिनं बंद करत आणि अख्खं विमान एकट्या नाकातल्या इंजिनावर उडवत. ते वाचून मला रात्री झोप आली नाही.

हे टपाल आणायचा श्रावणदा. जातीचा माळी. नाल्याकाठी त्याचा वांग्या-मेथीचा मळा होता. सकाळी मळ्याला पाणी द्यायचं आणि मग तीन मैल चालून पोस्टातून थैली आणायची, आमचं गाव आणि आणखी दोन वाड्या वाटून संपवायच्या. खाकी सदरा, खाली धोतर आणि खांद्यावर थैली. माझं पत्र असलं की तो मारुतीच्या पाराजवळूनच ओरडायचा, "विलायत आली होऽ!" गावाला वाटायचं कोण पाहुणा आला. पांगाऱ्याचं लाकूडही त्याच्याच कुंपणाचं. मी मागितलं की तो म्हणायचा, "ने. पन खालून नको तोडू, फुटवा येऊ दे." त्याची धाकटी लेक कौसा माझी विमानं पाहायला यायची आणि दारातच थांबायची, आत यायला घाबरायची.

असं वर्षभर चाललं. मग पाकिस्तानशी लढाई लागली.

आमच्या भागात बॉम्ब पडायचं काही कारण नव्हतं. पण कंदिलाच्या काचांना काळे कागद लागले आणि आकाशातून शत्रूचे छत्रीवाले शिपाई उतरणार अशी हूल उठली. माणसं काठ्या घेऊन शिवारात फिरायची. दुसरबीडकडे म्हणे एक जण सापडला, तो निघाला मेंढरं शोधत फिरणारा धनगर. अनोळखी फकीर, चिंध्या गोळा करणारी बाई, घड्याळ बांधलेला माणूस, सगळ्यांकडे लोक डोळे बारीक करून पाहू लागले. अशात एके दिवशी दुपारी पोलीस ठाण्याचे जमादार सायकल ढकलत आमच्या दारात आले. कुणी सांगितलं ते कधीच कळलं नाही. त्यांनी विमानं ओट्यावर आणायला लावली आणि काठीच्या टोकानं इंजिनं मोजली.

"एक, दोन, तीन, चार. हे पाचवं कायचं?"

मी सांगू लागलो. नवं इंजिन, जुनं विमान, चाचणी. मला इंग्रजी शब्द आठवत होते, मराठी सापडत नव्हते आणि जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं.

"पाच इंजिनाचं इमान असते का कुठी?" जमादार बाकडे पाहत म्हणाले. "माह्या भावाचा पोरगा पलटनीत हाय. त्यानं इमानं पाह्यली. हा इशारा हाय कायचा तरी. आन हे लाल काऊन?"

"मीच रंगवलं," मी म्हणालो.

"कोनं सांगतलं रंगवाले?"

"कोनी नाई."

त्यांनी हॉलसाहेबांची पत्रं मागितली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आकृती त्यांनी सुलटी धरली, उलटी धरली, आकडे पाहिले आणि वहीत माझं नाव, बाचं नाव, शाळेचं नाव लिहून घेतलं. जाताना बाला कुंपणापर्यंत घेऊन गेले. तिथं दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बा परत आला तेव्हा त्यानं नुसतं एवढं म्हटलं, "सारं आत ने." त्या दिवशी माय पातोडीची भाजी करणार होती. तिनं ती केली, पण कुणी दुसऱ्यांदा घेतली नाही.

लढाई संपली. काळे कागद निघाले. पण "विलायत आली" ही हाक काही ऐकू येईना. आधी मी म्हणालो, लढाईमुळं टपाल अडकलं असेल. दिवाळी गेली. मी दोन पत्रं टाकली, तिसरं टाकलं. श्रावणदा रोज दारावरून जायचा आणि मी विचारलं की थैलीकडे पाहत म्हणायचा, "नाई भाऊ. आज नाई." पूर्वी तो मला वसंता म्हणायचा. हा 'भाऊ' मला खटकला.

माणसाच्या मनात एकदा ही कीड शिरली की ती सगळं पोखरते. मला वाटलं, जमादारांनी पोस्टात सांगून पत्रं थांबवली असतील. मग वाटलं, मास्तरच आता घाबरलेत. ते वर्गात माझ्याकडे पाहायचं टाळतात. पाटलाचा मुलगा माझ्या विमानांवर जळत होता, तो वाटेत श्रावणदाला गाठत असेल. मी पाराजवळ बसून कोण कुणाशी बोलतं ते पाहू लागलो. चौथं विमान तसंच पडलं होतं. त्याचं पाचवं इंजिन धडाला कुठल्या आधारावर टेकतं ते मला समजत नव्हतं, तो प्रश्न मी शेवटच्या पत्रात विचारला होता आणि त्या उत्तरावाचून पुढचं काम अडलं होतं.

आणि मग मला ती टिकटं दिसली. शाळेच्या वाटेवर कौसा तिची वही उघडून मैत्रिणींना दाखवत होती. पानावर खळीनं तीन टिकटं चिकटवलेली. राणीचं डोकं, इंग्लंडचं. ती मी ओळखणार नाही तर कोण?

"हे कुठून आनले?"

"आबानं देल्ले," कौसा म्हणाली आणि वही मिटली.

तिचा आबा म्हणजे श्रावणदा. माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळं जुळलं. थैलीकडे पाहणारी नजर, 'भाऊ', ती न येणारी हाक. तो पत्रं उघडत असेल, आत पैसे असतील असं वाटून. किंवा जमादारांना नेऊन देत असेल आणि टिकटं पोरीला. मी कुणाला विचारलं नाही. त्याला तर नाहीच. घरी आलो, कागद काढला आणि टपाल खात्याच्या वरच्या साहेबांच्या नावानं इंग्रजीत अर्ज लिहिला. मास्तरांच्या मदतीशिवाय लिहिलेलं ते माझं पहिलं इंग्रजी पत्र. त्यात एकही चूक नव्हती याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. अर्ज मी श्रावणदाच्या थैलीत टाकला नाही. बाजाराच्या दिवशी चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकला.

दोन आठवड्यांनी टपाल खात्याचे ओव्हरसिअर आले. टोपी घातलेले, घामाघूम, कपाळाला आठ्या. श्रावणदा पारावर टपाल वाटत होता. भोवती दहा-पंधरा माणसं होती. ओव्हरसिअरांनी थैली मागून घेतली, पारावर रिकामी केली, एकेक कार्ड उलटून पाहिलं. मग माझा अर्ज वाचला, मराठीत करून, मोठ्यानं.

"परदेशी पत्रं आली होती का?"

"आली होती," श्रावणदा म्हणाला.

"किती?"

"सात."

"मग कुठं गेली?"

 श्रावणदानं मान वळवून समोर पाहिलं. समोर आमचं घर, आणि ओट्यावर बा बसलेला, हातात सुताची अटी घेऊन दोर वळत होता. त्याचे हात थांबले होते. दोघांची नजरानजर झाली. बा खाली पाहू लागला.

"बोल की! कुठं गेली?"

"मले काई सांगाचं नाई."

"कामावरून जाशील."

"जाऊ द्या."

लोकांत कुजबुज झाली. कुणी तरी म्हणालं, "वांगे इकता इकता पत्रंबी इकली काय?" हशा झाला. ओव्हरसिअरांनी त्याची थैली आणि छातीवरचा बिल्ला घेतला. श्रावणदानं सदऱ्याला बिल्ला होता तिथं पडलेली दोन भोकं बोटानं दाबली आणि मळ्याकडे चालू लागला. मी जिंकलो होतो. पण मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. मी बाकडे पाहत होतो. तो श्रावणदाच्या नजरेला का घाबरला? तोवर गावातल्या प्रत्येकावर मी संशय घेऊन झालो होतो. फक्त आमच्या घराच्या उंबऱ्याआत कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मायनं कळण्याची भाकर वाढली आणि ठेचा ठेवायची विसरली. ती काही विसरणारी बाई नव्हती. मी मागितला तेव्हा ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तुह्या टपालापायी एका मानसाचं नाक कापलं भर पारावर."

"त्यानं चोरली पत्रं."

"चोरली?" ती वळली. तिच्या डोळ्यांत मला कधी न दिसलेलं काही होतं. "बाले इचार कोनं चोरली. बाच्या दप्तरात पाह्य."

दप्तर म्हणजे शेताचे कागद ठेवायचं लाल कापडाचं गाठोडं. मला ते उघडायची मुभा नव्हती. बा दारातच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला, खुंटीवरून दप्तर काढलं, गाठ सोडली आणि सात पत्रं माझ्यासमोर ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं. फक्त तिनांवरची टिकटं सोलून काढलेली.

"काऊन?" मी विचारलं. 

बा भिंतीला टेकून बसला. "तुह्या मोठ्या बाचं, माह्या थोरल्या भावाचं, नाव घेते का कोनी ह्या घरात? नाई घेत. तवा चार कोसावर निजामाची हद्द होती. पलीकडच्या सोयऱ्याले लग्नाची चिठ्ठी घेऊन गेला. नाक्यावर झडती झाली. चिठ्ठी मोडीत होती. तिथं कोनालेच मोडी वाचता येत नव्हती. म्हनले, हे काय लिव्हलं? त्याले कुठं नेलं, काय केलं, देवाले ठाव. आमाले त्याच्या वहाना तेवढ्या भेटल्या." त्यानं पत्रांवर हात ठेवला. "जमादारानं तुहे कागद उलटे-सुलटे करून पाह्यले, तवा मले तेच दिसलं. ज्याले वाचता येत नाई त्याच्या हाती लेकाचा कागद. मी श्रावनले म्हनलं, इलायतीचं टपाल येईन ते माह्या हाती दे, पोराले सांगू नको. तो तयार नव्हता. महादेवाच्या पायरीवर त्याच्याकडून बेल उचलून घेतला."

"मले सांगाचं ना!"

"सांगतलं असतं त तू आयकला असता?"

मी ऐकलं नसतं. हे दोघांनाही माहीत होतं.

"मंग आज पारावर काऊन नाई बोलला?"

बा दप्तराची गाठ परत बांधू लागला. बाहेर बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. मग तो म्हणाला, "भेव वाटलं मले. बस." वयाच्या अठराव्या वर्षी बापाच्या तोंडून हे ऐकणं मला सोसलं नाही. आता मी त्याच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठा आहे, आणि मला वाटतं, ते सांगायला जे लागतं ते त्या दिवशी आमच्या गावात आणखी कुणाजवळ नव्हतं. माझ्याजवळ तर नव्हतंच.

सकाळी बा धुतलेलं धोतर नेसला. आम्ही दोघं तीन मैल चालत पोस्टात गेलो. ओव्हरसिअर तिथंच होते. बानं पत्रं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चोर मी होय, साहेब. त्याले सोडा." ओव्हरसिअरांनी सगळं ऐकून घेतलं, माझं वय विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, पोरगा अजून सज्ञान नाही. बापाच्या हाती टपाल दिलं, यात त्या माणसाचा गुन्हा काय? एवढंच बोलला असता तर मी थैलीला हात लावला नसता!"

"शपथ होती त्याले," बा म्हणाला.

 ओव्हरसिअरांनी माझ्यापुढे कागद ठेवला. मी लिहिलं की मी न विचारता, न पाहता खोटा संशय घेतला. मराठीत लिहिलं. त्यात तीन ठिकाणी खाडाखोड झाली.

तिथून आम्ही मळ्यात गेलो. श्रावणदा वांग्याला पाणी देत होता. बा बांधावर उभा राहून काय काय बोलला. मी श्रावणदाच्या पायांशी वाकलो तर त्यानं चिखलाचे हात मागे घेतले. थैली परत मिळणार, आजच मिळणार, असं बानं सांगितलं.

"नको," श्रावणदा म्हणाला.

"राग धरू नको, श्रावन."

"राग नाई, दादा. पन आता मी कोनाले पत्र देईन त तो आधी माह्या हाताकडं पाहीन. अन मंग पाकिटाकडं. मले ते नाई जमाचं."

हॉलसाहेबांची सातही पत्रं मी त्या दुपारी कणग्यांच्या मधे बसून वाचली. पहिल्या तिनात आकृत्या होत्या, गप्पा होत्या. चौथ्यात विचारलं होतं, माझ्या एकाही पत्राबद्दल तू का लिहीत नाहीस? पाचव्यात त्यांनी लिहिलं होतं की इंजिनाच्या आधाराबद्दलचा माझा प्रश्न त्यांनी जुन्या सोबत्यांना विचारला, तर त्यांनी उलट विचारलं, हा हिंदुस्थानातला माणूस कोण आणि त्याला हे कशाला हवंय? सहाव्यात हॉलसाहेबांनीच विचारलं होतं, तू खरंच शाळकरी मुलगा आहेस ना? सातवं चार ओळींचं. तुझी नीट ओळख पटल्यावाचून पुढं काही पाठवणार नाही. मला आधी हसू आलं आणि मग हसता येईना. सातासमुद्रापलीकडे एक म्हातारा माझ्या लाकडी विमानाकडे जमादारांच्याच डोळ्यांनी पाहत होता. मी बुलढाण्याला जाऊन विमान हातात धरून फोटो काढला आणि लांबलचक पत्रासोबत पाठवला. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. माझा नातू आता मोबाइलवर तीच विमानं शोधतो आणि सांगतो की मी नाकाची लांबी पाव इंच चुकवली आहे. चुकली असेल.

गावाचं टपाल मात्र पोस्टात साचू लागलं. पलटनीतल्या मुलांची पत्रं, माहेरची कार्डं, कुणी तीन मैल जाणार? ओव्हरसिअर दोनदा श्रावणदाकडे आले. शेवटी तो म्हणाला, नाव माझंच राहू द्या, पण मी बदली माणूस देतो. तशी रीत होती. बदलीनं काही घोळ केला तर भरपाई मूळ माणसाची. ओव्हरसिअरांनी माणूस कोण विचारलं, तर त्यानं माझं नाव सांगितलं. मला तेव्हा अठरावं नुकतंच पूर्ण झालं होतं. ओव्हरसिअर त्याला म्हणाले, "विचार कर. यानंच तुझ्यावर अर्ज केला होता." श्रावणदानं विचार केला की नाही ठाऊक नाही. त्यानं कागदावर सही केली. सदर इसम विश्वासू आहे, असं त्या कागदावर छापलेलं होतं.

पहिल्याच दिवशी श्रावणदाचं म्हणणं मला कळलं. मी पत्र दिलं की माणसं आधी माझ्या हाताकडे पाहायची, मग पाकीट उलटं करून त्याचा डिंक बोटानं चाचपायची. पाटलाच्या घरी तर कार्डसुद्धा उलटून पाहिलं, जणू कार्डही कुणी फोडू शकतो. मी घरं संपवली. सगळ्यात शेवटी मळ्यात गेलो, कारण एक पाकीट श्रावणदाचंच होतं, त्याच्या संग्रामपूरच्या भावाचं.

त्यानं फावडं बाजूला ठेवलं, धोतराला हात पुसले आणि पाकीट घेतलं. उलटं केलं नाही. इतकी वर्षं गावाचं टपाल वाचून वाटणाऱ्या त्या माणसानं ते तसंच माझ्याकडे परत दिलं.

"वाच."

मी तिथंच बांधावर बसून फोडलं आणि वाचलं. श्रावणदाच्या थोरल्या मुलीला दिलेल्या घरात तिला त्रास होता. मारहाणीपर्यंत गोष्ट गेली होती. भाऊ तिला आपल्याकडे घेऊन आला होता आणि पुढं काय करायचं ते विचारत होता. गावात कुणालाही कळू नये अशी गोष्ट.  श्रावणदा शेवटपर्यंत खाली बसून ऐकत राहिला.

मी पत्र घडी करून त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, "श्रावणदा, मी कोनाले सांगनार नाई."

"मी इचारलं का तुले?" तो म्हणाला, आणि फावडं उचलून पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवायला गेला.